लटारूभाऊंच्या तीन चांदण्यांबाबत

प्रति,
ज्या संकेतस्थळावर नोकरदार माणसे आपापल्या कंपनीविषयी मत नोंदवितात, त्या संकेतस्थळाचे व्यवस्थापक यांस.

अर्जदार: पुंडलिक दशरथ वाढई, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीबाहेरील टिनाचे शेड, कोरपना, जिल्हा चंद्रपूर.

ज्यांच्याविषयी अर्ज: लटारू सोमा टेकाम, धंदा सिमेंट कारखान्यात हजेरी मांडणे, मूळ गाव धानोरा तालुक्यातील जंगलात, जिल्हा गडचिरोली.

साक्षीदार: एक, वच्छलाबाई, चहाची टपरी, अर्जदाराच्या टेबलापासून दहा पावलांवर. दोन, मारोती शिवराम गेडाम, सिमेंटची पोती भरण्याच्या खात्यातील कामगार. तीन, स्वतः अर्जदार, जो या प्रकरणात दोषीही आहे.

घटनेचा दिवस: तारीख स्मरणात नाही. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे मारबतीचा.

महोदय, अर्ज एका पानात बसवावा, असा माझा जुना दंडक आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी माझ्या हातचा कागद आजवर कोणत्याही कचेरीने भाषेच्या कारणावरून परत केलेला नाही. परंतु प्रस्तुत विषय एका माणसाचा आहे, आणि तो माणूस एका पानात बसत नाही. म्हणून पाने जोडली आहेत.

लटारूभाऊ प्रथम माझ्या टेबलाशी आले ते नावाच्या दुरुस्तीसाठी. बसण्यापूर्वी ते चार पावले दूर गेले, अंगावरचा शर्ट दोन्ही हातांनी झटकला, डोक्याचा दुपट्टा सोडून तोही झटकला, आणि मगच बाकावर टेकले. माझ्या कागदांवर सिमेंटची पूड पडू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. साहेब लोकही माझ्या कागदांची इतकी अदब राखीत नाहीत. त्यांच्या ओळखपत्रावर कोणा छापणाऱ्याच्या चुकीने "लातूर सोमा टेकाम" असे नाव आले होते.

"आता सांगा भाऊ," ते म्हणाले, "मी मानूस होय का जिल्हा होय?"

मी अर्ज तयार करून वाचून दाखविला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. शेवटी विचारले, "हा सबब कोन होय?"

"म्हणजे?"

"तुमी लिवलं ना, 'सबब विनंती'. मांगं माह्या भावाचा अर्ज तुमीच लिवला होता, त्यातबी हा होता. हरेक अर्जात येते. तुमचा पावना होय का?"

मी त्यांना समजाविले की सबब म्हणजे 'या कारणास्तव', आणि या शब्दाशिवाय अर्जास वजन येत नाही. त्यांनी मान डोलविली. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी सबबभाऊ झालो. वच्छलाबाईंनीही तेच नाव उचलले. आरंभी मला ते रुचले नाही. आता त्या नावाने मला हाक मारणारे वच्छलाबाईंवाचून कोणी उरलेले नाही, आणि त्यांनी मारली की बरे वाटते.

चहा पिण्याची त्यांची एक रीत होती. कप हाती आला की पहिला थेंब ते जमिनीवर सांडीत, मग ओठाला लावीत. त्यांच्या गावी कोणतेही पेय आधी धरतीला देतात. वच्छलाबाई एकदाही न बोलता राहिल्या नाहीत.

"लटारूभाऊ, धरतीले चहाची आदत लावून राह्यले तुमी. उद्या ते साखर जास्त मांगन."

"मांगू दे ना बाई. तुह्या चहात साखर हाये कुठी? तिले बी कळू दे."

हे भांडण मी कित्येक वर्षे ऐकले. त्यात एका शब्दाचा फरक पडला नाही, आणि दोघेही दरवेळी नव्याने हसत.

आता त्यांच्या कामाविषयी. कारखान्याच्या फाटकाशी टाइम ऑफिसची खोली होती. पाळी बदलण्याच्या वेळी लटारूभाऊ तिच्या पायरीवर उभे राहून ठेकेदारीतल्या कामगारांची हजेरी घेत. हजेरी ते पूर्ण नावाने घेत: स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव. वही उघडी असे, पण नजर वहीत नसे, माणसावर असे. "मारोती शिवराम गेडाम!" ही हाक फाटकापलीकडच्या पानठेल्यापर्यंत जाई. मी एकदा म्हणालो, नुसते 'मारोती' म्हटले तरी चालेल, वेळ वाचेल.

"नाव अर्धं घेतलं तं मानूस अर्धाच येते, सबबभाऊ," ते म्हणाले. "बाकीचा घरी राह्यते."

जो हजर नसे, त्याच्या नावापुढे ते लगेच फुली मारीत नसत. संध्याकाळी सायकल त्याच्या घरावरून नेत. दारातूनच विचारीत, "आज दिसला नाई. तब्येतीची हजेरी घ्याले आलो." त्यामुळे कोणाला कसला ताप आहे, कोणाचा खोकला किती जुना आहे, हे कारखान्याच्या दवाखान्याआधी लटारूभाऊंना ठाऊक असे.

पुढे अंगठ्याचे यंत्र आले आणि वही बंद करण्याचा हुकूम निघाला. परंतु सिमेंटमध्ये हात घालणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून जातात, ही गोष्ट यंत्र बनविणाऱ्यास माहीत नसावी. मारोतीने अंगठा ठेवला की यंत्र लाल दिवा दाखवी. तो फाटकात उभा, आणि यंत्राच्या लेखी गैरहजर. लटारूभाऊंनी गावाहून मोहाच्या बियांचे तेल आणले. पाळीच्या आधी ते कामगारांच्या अंगठ्याला तेल चोळीत, दुपट्ट्याने पुसून घेत, मग यंत्रावर ठेववीत. तरीही ज्याचा अंगठा उठत नसे, त्याचे नाव ते जुन्या वहीत मांडून कार्यालयात स्वतः नेऊन देत. कारखान्याला हे चालवून घ्यावे लागले. त्यांचे निवृत्तीचे वय उलटून गेल्यावरही दरवर्षी त्यांची मुदत वाढविली जाई ती याचमुळे. यंत्राला जे ओळखता येत नव्हते, ते त्यांना येत होते.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

कारखान्यात एक नवे अधिकारी रुजू झाले होते. त्यांच्या खात्याचे नाव एचआर. कामगारांनी ते ऐकले 'एचार', आणि दोन दिवसांत त्याचे 'विचार' झाले. "विचारसाहेब येऊन राह्यले" असे सगळे म्हणू लागले. गृहस्थ पुण्याकडचे, बोलण्यात नम्र. ते एके दुपारी माझ्या टेबलाशी आले, बाकावर बसले आणि त्यांनी फोनवर आपले संकेतस्थळ उघडून दाखविले. कारखान्याच्या नावापुढे चांदण्या होत्या, पाचांपैकी अडीचच्या आसपास. त्याखाली एका हसऱ्या गृहस्थांचे छायाचित्र, कंपनीच्या मोठ्या साहेबांचे, आणि त्यांचा कारभार किती कर्मचाऱ्यांना मान्य आहे त्याचा आकडा. तो आकडा मुंबईच्या कार्यालयास लागला होता. 'काम करण्यास उत्तम ठिकाण' असा काही मान मिळविण्याचा वरचा विचार होता, आणि त्यासाठी चांदण्या वाढायला हव्या होत्या.

"कामगारांची मते मराठीतून हवी आहेत," ते म्हणाले, "पण कामगारांना लिहिता येत नाही. तुम्ही लेखक आहात."

महोदय, माझ्या आयुष्यात मला अर्जनवीस म्हणाले, मुन्शी म्हणाले, सबबभाऊ म्हणाले. लेखक कोणी म्हणाले नव्हते. या एका शब्दावर मी होकार दिला, हे मी येथे कबूल करतो.

मी मते लिहिली. प्रत्येक मत वेगळे असावे, प्रत्येकात एखादी किरकोळ उणीव घालावी म्हणजे ते खरे वाटते, अशा त्यांच्या सूचना होत्या. वाईट मत दिसले की तक्रार करून ते काढविण्यासाठी त्यांच्याकडे वेगळा माणूस होता. मी उणिवा शोधल्या. "कॅन्टीनमधील लोणचे किंचित खारट असते." "सायकली ठेवण्याची जागा थोडी लहान आहे." हे दोन्ही मला त्या वेळी फार साधले असे वाटले. पोती भरण्याच्या खात्यातील धुळीविषयी लिहू का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ती किरकोळ नाही ना."

मारबतीच्या दिवशी काय घडले ते मला मारोतीने सांगितले. त्या सकाळी रोगराई नेणाऱ्या मारबतीचा पुतळा गावाबाहेर काढताना पोरे नेहमीप्रमाणे ओरडत गेली होती: घेऊन जाय गे मारबत, खोकला-खासी घेऊन जाय गे मारबत! जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये कामगारांची रांग लावली गेली. नावे पुकारण्यास लटारूभाऊंना उभे केले. ज्याचे नाव येई तो आपला फोन विचारसाहेबांच्या माणसाकडे देई, तो माझे एक मत त्यात चढवी, पाच चांदण्या लावी, मोठ्या साहेबांच्या छायाचित्राखाली 'मान्य' दाबी आणि फोन परत करी. कोणी विचारले नाही, कोणी वाचले नाही. मारोती म्हणाला, "आमाले वाटलं सिमकार्डाचं काई होय."

शेवटी विचारसाहेब लटारूभाऊंना म्हणाले, "तुमचाही फोन द्या."

लटारूभाऊंनी फोन दिला नाही. चष्मा लावून त्या छायाचित्राकडे पाहिले.

"साहेब, हे कोन होय?"

"आपले मोठे साहेब. मुंबईला असतात."

"इथी कधी आले होते?"

"गेल्या दसऱ्याला बोलले ना सगळ्यांशी, पडद्यावर."

"पडद्यावर नाई. फाटकातून आत आले का?"

"अजून योग आला नाही."

"मंग मी कशी लावू?" लटारूभाऊ म्हणाले. "जो मले दिसला नाई, त्याची हजेरी मी आजपावतर लावली नाई. सख्ख्या साळ्याची नाई लावली, साहेब. बायको चार दिवस बोलली नाई माह्याशी."

"अहो, ही हजेरी नाही. ही मान्यता आहे."

"तेच तं. हे हजेरीच्या पुढची गोष्ट होय. आंधी हजर, मंग मान्य."

रांगेतले लोक हसले. विचारसाहेबही हसले, परंतु त्यांचे हसणे आधी थांबले, असे मारोती सांगतो.

त्याच दिवशी पाळी सुटल्यावर लटारूभाऊ माझ्याकडे आले. शर्ट झटकून बसले. हातात मारोतीचा फोन होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवून वाचले: "सदर कंपनीत कर्मचाऱ्यांस कुटुंबीयांप्रमाणे वागविण्यात येते. सबब कंपनीस पाच चांदण्या देण्यात येत आहेत." मग दुसरे मत. त्यातही सबब. मग तिसरे. इतक्या लोणच्यांच्या आणि सायकलींच्या खटपटी करून मी प्रत्येक मत निराळे केले होते. पण या एका शब्दाशिवाय मला वाक्य संपविता येत नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

"तुमचा पावना साऱ्यायच्या फोनात जाऊन बसला, सबबभाऊ," ते म्हणाले.

रागावले असते तर मी उत्तर दिले असते. माझ्याजवळ उत्तरे असतात. ते रागावले नाहीत. वच्छलाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी विचारले, "काय झालं? काऊन चूप बसले दोघंबी?"

"काई नाई," लटारूभाऊ म्हणाले. "मले एक मत लिवाचं हाये. पन माह्या हातानं."

मी कागद पुढे केला. त्यांनी तो नाकारला आणि आपल्या फोनवर एका बोटाने लिहू लागले. चहा निवला, वच्छलाबाईंनी दुसरा आणला, तोही निवला. मी मध्ये दोन दुरुस्त्या सुचविल्या. त्यांनी हाताने थांबविले. पुढील मजकूर मी त्यांच्या फोनवरून त्याच वेळी उतरवून घेतला, तो जसाच्या तसा सादर करीत आहे:

"मी लटारू सोमा टेकाम, हजेरी मांडतो. कारखान्याची बस टायमावर येते. जेवन गरम रायते. मानसं चांगले हायेत. पोते भराच्या खात्यात धूळ लय हाये, तोंडाले बांधाले कापड घरून न्या लागते, मानसं खोकलतात. अंगठा झिजते तं मशीन मानसाले वळखत नाई. मोठे साहेब मी पायले नाई. आले तं पयली हजेरी त्यायची लावीन."

नंतर चांदण्या. येथे ते बोटांवर काही मोजू लागले. मी म्हणालो, रागच असेल तर एक द्या.

"राग कायले? एक बसची, एक जेवनाची, एक आपल्या मानसायची." त्यांनी तीन लावल्या. "हायेत तं हायेत. नाई त्या कुठून आनू?"

आपल्या संकेतस्थळावर नाव न देता लिहिता येते, हे मी त्यांना सांगितले होते. ते म्हणाले, बिननावाची हजेरी कोण मांडते?

महोदय, ते मत आपल्या संकेतस्थळावर तीन दिवस होते. चौथ्या दिवशी ते दिसेनासे झाले आणि लटारूभाऊंच्या फोनवर आपला संदेश आला. तो इंग्रजीत होता. तहसीलच्या बाबूंकडून मी अर्थ लावून घेतला. त्याचा आशय असा की सदर मत खऱ्या कर्मचाऱ्याने खऱ्या अनुभवावरून लिहिलेले वाटत नाही. माझी सर्व मते त्याच जागी उभी होती, आणि हे लिहीत असता उभी आहेत.

त्यानंतर विचारसाहेब माझ्याकडे आले. लटारूभाऊंच्या मुदतवाढीचा कागद त्यांच्याकडे आला होता. त्यावर सही करण्यास त्यांची हरकत नव्हती. फक्त लटारूभाऊंनी एक लहानसा माफीनामा द्यावा, की ते मत नजरचुकीने आणि अपुऱ्या माहितीवरून लिहिले गेले. तो मी तयार करावा. मी तयार केला. चांगला केला. कोणाचाही अपमान होणार नाही असा केला.

लटारूभाऊ तो कागद घेऊन बसले होते. मी त्यांना म्हणालो, "सही करा. तुमच्यासाठी नाही म्हणत. तुम्ही गेलात तर मारोतीचा अंगठा कोण ओळखेल? ज्यांचा अंगठा उठत नाही ते सारे गैरहजर ठरतील." हे मी खरेच म्हटले होते. आजही ते मला खरे वाटते.

त्यांनी कागद दोनदा उचलला, दोनदा ठेवला. पेन मी त्यांच्या हाती दिले होते, ते त्यांनी घट्ट धरले होते. त्या माणसाला मी कधी अडखळलेले पाहिले नव्हते, त्या दिवशी पाहिले.

"सबबभाऊ," शेवटी ते म्हणाले, "आज ह्या कागदावर खोटी सही केली, अन उद्या त्याच हातानं मारोतीले हजर लिवलं, तं साहेबायनं ते खरं काऊन मानावं?"

त्यांनी पेन टोपण लावून परत दिले.

पुढच्या महिन्यात त्यांची मुदत संपली. जाण्यापूर्वीच्या आठवड्यात ते पाळीच्या लोकांना तेल कसे चोळायचे ते शिकवीत होते. तेलाचा डबा मारोतीजवळ ठेवून गेले. तेल आता संपले आहे. मारोती आठवड्यातून एकदा तरी गैरहजर ठरतो, कामावर असूनही. त्याच्यासाठी मी अर्ज केलेले आहेत. ते निराळे प्रकरण आहे.

या उन्हाळ्यात मी एका लग्नासाठी धानोऱ्याकडे गेलो. एका फाट्यावर बस थांबली आणि खिडकीखाली लटारूभाऊ दिसले. बाजूला मोहफुलांची टोपली, पायांत चपला नव्हत्या. मी हाक मारली तेव्हा त्यांनी वर पाहिले. अंगावर तोच जुना शर्ट होता, खिशाशी रफू केलेला. तो निळा होता. इतकी वर्षे मी त्यांना पाहत आलो होतो आणि सिमेंटच्या पुडीखाली त्यांचा शर्ट निळा आहे, हे मला ठाऊक नव्हते.

मी खिडकीतून ओरडून सांगितले की तुमचे मत परत लावून घेण्यासाठी मी वर अर्ज करणार आहे, माझ्या नावाने, माझा दोष लिहून.

"करा ना," ते म्हणाले. "पन लहान करा भाऊ. लोकं वाचत नाई." आणि हसून त्यांनी ओंजळभर फुले खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली. बस सुटली. मागे वळून पाहिले तेव्हा ते टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेने झाडांत शिरत होते, आणि पानांच्या आड काही वेळ तो निळा रंग दिसत राहिला.

लहान करणे मला जमले नाही, याबद्दल त्यांची क्षमा मागतो. आपणांकडे मागणे असे आहे:

सदर कारखान्याविषयीची जी मराठी मते माझ्या हातची आहेत, ती खोटी असल्याचे मी या अर्जावर सही करून जाहीर करीत आहे. ती काढून टाकावीत. यामुळे माझ्या धंद्यावर जो परिणाम होईल तो मला मान्य आहे. लटारू सोमा टेकाम यांचे मत त्यांच्या नावासह आणि त्यांच्या तीन चांदण्यांसह पूर्ववत लावावे.

हे करणे आपल्या नियमांत बसत नसेल, तर निदान लेखी उत्तर द्यावे. त्यांच्या मतात आठ वाक्ये आहेत. त्यांपैकी कोणते वाक्य आपणांस खरे वाटले नाही, तेवढे कळवावे. मी ते धानोऱ्यास नेऊन त्यांना वाचून दाखवीन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
पुंडलिक दशरथ वाढई
अर्जनवीस, कोरपना